घरातले पिण्याचे पाणी : गार आणि निर्मळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला केलेले भाषण)



दर वर्षी वर्धापनदिनाला बाहेरच्या कोणी विदुषी बोलतात आणि आपण ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी ठरविले की आपल्यातल्याच एकीने बोलावे, आणि चिठ्ठी नेमकी माझ्या नावाची निघाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण विषय पिण्याच्या पाण्याचा आहे, आणि पाणी भरण्याच्या शाळेत म्हणाल तर मी आजवर एकही दिवस गैरहजर राहिलेली नाही. तेव्हा धीर करून उभी राहिले आहे.

सध्या चैत्राचे ऊन आहे. बाहेरून आलेला माणूस दारात चपला काढता काढताच म्हणतो, "आधी जरा गार पाणी द्या." 'शुद्ध पाणी द्या' असे कोणी म्हणत नाही. ते त्याने आपल्या भरवशावर सोडलेले असते. पाणी गार आहे की नाही हे जिभेला तत्काळ कळते. शुद्ध आहे की नाही हे जिभेला मुळीच कळत नाही. ते काही दिवसांनी, कावीळ असेल तर महिन्याभरानेसुद्धा, पोटाला कळते. म्हणून घरोघरी गार पाण्याची सोय आधी होते आणि शुद्ध पाण्याची मागून. फ्रीजमध्ये बाटल्या लावून ठेवल्या की आपल्याला वाटते, पाण्याची व्यवस्था झाली. पण थंडीने जंतू मरत नाहीत, ते नुसते गारठून स्वस्थ बसतात, आणि आपल्या पोटात ऊब मिळाली की पुन्हा कामाला लागतात. बर्फाचेही तेच. गार करणे आणि शुद्ध करणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. आणि तिसरे एक काम आहे ते कोणतेच यंत्र करून देत नाही : शुद्ध केलेले पाणी पेल्यापर्यंत शुद्ध राखणे. ह्या तिन्हींचा मेळ थोड्या कष्टांत आणि थोड्या पैशांत कसा घालावा, एवढेच मी सांगणार आहे.

आधी शुद्ध करण्याचे पाहू. आपल्या आज्या पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घेत. माझ्या आजीच्या पोटरीवर नारूचा व्रण होता. आपल्या मुलींना तो शब्दही ठाऊक नाही, हे त्यांचे भाग्य. दोन हात लांबीचा दोऱ्यासारखा किडा पायातून बाहेर येई आणि तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढावा लागे. मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस महिना दोन महिने अंथरुणाला खिळे. विहिरीच्या पायऱ्या उतरून लोक पाण्यात पाय घालत, तिथे नारूची पिल्ले पाण्यात जात, पाण्यातल्या बारीकशा पिसवेसारख्या जिवात शिरत आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात पोचत. ह्या रोगावर लस नव्हती आणि औषधही नव्हते. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून, हातपंप बसवून आणि पाणी गाळून पिण्याची सवय लावून तो हटविला गेला. भारतातला शेवटचा रोगी १९९६ सालचा, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. एका फडक्याचा एवढा पराक्रम! तेव्हा जुन्या बायकांच्या गाळण्याला कोणी हसू नये.

मात्र ह्याच पराक्रमामुळे एक गैरसमजही मागे राहिला, की गाळले म्हणजे शुद्ध झाले. फडक्यात अडकण्याइतके मोठे असते तेच फडके अडविते. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, पाणी आरशासारखे दिसते, आणि त्यात लाखो जंतू तसेच असू शकतात.

लग्न होऊन मी पुण्यात आले तेव्हा आम्ही पेठेतल्या एका वाड्यात राहत होतो. एका श्रावणात वाड्यातल्या पाच मुलांना एकामागून एक कावीळ झाली. खालच्या बिऱ्हाडातली आठ वर्षांची मुलगी तर वीस दिवस इस्पितळात होती. तिची आई जिन्यात बसून मला पुन्हा पुन्हा एकच विचारी, "वहिनी, पाणी तर इतके स्वच्छ दिसते हो!" आणि खरेच दिसत होते. त्या पाचांपैकी तीन घरांत कँडलचे फिल्टरही होते. पुढे वाड्याबाहेर खोदले तेव्हा नळाची जुनी नळी गटारातूनच गेलेली निघाली आणि सांध्याजवळ पेन्सिल जाईल एवढे भोक होते. मुलगी बरी होऊन घरी आली, देवाची कृपा. परंतु त्यानंतर पाण्याविषयी जे जे कळेल ते मी विचारत आले, वाचत आले.

आता भोक पडलेल्या नळीतून पाणी बाहेर जायचे, घाण आत कशी येते? नळाला चोवीस तास पाणी असेल तर आतला दाब घाणीला आत येऊ देत नाही. आपल्याकडे पाणी वेळेवर येते आणि वेळेवर जाते. पाणी बंद झाले की नळी रिकामी होऊ लागते आणि रिकामी होताना भोकातून बाहेरचे ओढून घेते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटते तेव्हा आत ओढलेले सगळे पहिल्या लोंढ्याबरोबर आपल्याकडे येते. म्हणून नळ आला की पिण्याचा हंडा पहिल्यांदा लावू नये. पहिले पाणी मोरीची बादली, फरशी, कपडे ह्यांना घ्यावे, मग पिण्याचे भरावे. ह्याला पैसा लागत नाही, फक्त हंड्या-बादल्यांचा क्रम बदलावा लागतो.

आणि कँडलचा फिल्टर असूनही मुलांना कावीळ का झाली? कँडलची भोके फार बारीक असतात. हगवणीचे, पटकीचे जंतू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे, ते बहुतेक अडकतात. कावीळ करणारा विषाणू त्याहूनही कितीतरी पट लहान, तो कँडलमधून निघून जातो. म्हणजे फिल्टर खोटा नव्हे. त्याचे काम तेवढेच. कँडल दर आठवड्याला साध्या पाण्याखाली मऊ ब्रशने घासावी, साबण लावू नये, आणि बारीकशी चीर दिसली तरी ती फेकून द्यावी. चिरलेली कँडल म्हणजे नुसती शोभा.

विषाणू आणि जंतू दोघांनाही पुरून उरणारा उपाय म्हणजे उकळणे. आपण एक तर पाणी कोमट करून उतरवतो, नाही तर वीस वीस मिनिटे गॅस जाळत बसतो. दोन्हींची गरज नाही. पाणी खळखळून उकळू लागले की पुढे एक मिनिट पुरे. भांड्याच्या कडेने बुडबुडे येऊ लागतात ती उकळी नव्हे. सगळे पाणी खालीवर उसळले पाहिजे. मग झाकण घालून त्याच भांड्यात निवू द्यावे. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी ह्या भागांत 'जीबीएस' नावाच्या, हातापायांतले बळ घालविणाऱ्या दुखण्याचे पुष्कळ रोगी निघाले आणि दूषित पाण्याकडे बोट दाखविले गेले. तेव्हाही लोकांना पहिला सल्ला मिळाला तो पाणी उकळून पिण्याचाच. लाखांची यंत्रे असलेल्या घरांतही त्या महिन्यात पातेली चढली होती.

तरीही रोज दहा-पंधरा लिटर पाणी उकळणे हे काम आहे, आणि ते कोणाच्या अंगावर पडते हे मी सांगायला नको. म्हणून यंत्रांचा विचार आपण जरूर करावा, पण डोळे उघडे ठेवून करावा.

गेल्या दिवाळीच्या आधी एका कंपनीचा तरतरीत मुलगा आपल्या वसाहतीच्या सभागृहात आला होता. आपल्यातल्या पुष्कळजणी तिथे होत्या. त्याने दोन पेले मांडले. एकात आपले नळाचे पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्रातले. दोन्हींत विजेच्या सळ्या बुडविल्या आणि बटण दाबले. यंत्राच्या पाण्याला काही झाले नाही. आपले पाणी मात्र पिवळे, मग तांबूस, मग गटारासारखे काळपट झाले आणि वर फेस आला. तो म्हणाला, "ताई, हे तुम्ही मुलांना पाजता?" बायकांच्या तोंडचे पाणीच पळाले. दोघीतिघींनी तिथल्या तिथे सह्या करायला पेनसुद्धा काढले.

आमचे यजमान वायरमन आहेत. निव्वळ शुद्ध पाण्यातून वीज नीट वाहत नाही, त्यात क्षार असले की वाहते, हे मी घरी शंभरदा ऐकले आहे. मी म्हटले, "दादा, आता तुमच्या शुद्ध पाण्यात एवढे चिमूटभर मीठ घालून पुन्हा बटण दाबा." त्याने थोडे आढेवेढे घेतले. मीठ आपल्या मंडळाच्या स्वयंपाकाच्या डब्यातले, रोज खाण्याचे. ते घातले आणि त्याचा पेला आपल्याहूनही घाण झाला! ती घाण पाण्यातली नव्हतीच, बायांनो. ती सळीच्या लोखंडाची होती. वीज वाहू लागली की सळी झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. आपल्या नळाच्या पाण्यात थोडे क्षार आहेत, म्हणून वीज वाहिली, एवढाच त्याचा अर्थ. मुलाने सामान आवरले. पोटासाठी हिंडणारा मुलगा, त्याच्यावर राग धरण्यात काय अर्थ? आपण त्याला चहाही दिला. त्याला शिकविले तसे तो बोलला. यंत्रही वाईट नव्हते. ते आपल्याला हवे आहे का, हा प्रश्न मात्र त्याने आम्हांला विचारू दिला नाही.

ते यंत्र होते आर.ओ.चे. त्यात एक अतिशय दाट पापुद्रा असतो आणि दाबाने पाणी त्यातून ढकलतात. विरघळलेले क्षारदेखील त्यात मागे राहतात. हे काम दुसऱ्या कोणत्याही घरगुती फिल्टरला जमत नाही. ज्यांच्या विहिरीला, बोअरला खारट किंवा फ्लोराइडचे पाणी आहे, त्यांना हे यंत्र वरदान आहे. आपल्या यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांत अशी गावे आहेत, तिथे मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे पडतात. तिथे पाणी उकळून उपयोग नाही. उकळल्याने पाणी आटते आणि फ्लोराइड उलट दाट होते. पण पुण्याचे नळाचे पाणी खडकवासल्याच्या धरणाचे, मुळातच हलके. त्यात काढून टाकण्यासारखे क्षार आहेतच कुठे?

क्षार मोजण्याची लेखणीएवढी मापनी मिळते. ती मंडळाने घेतली आहे आणि कपाटात ठेवली आहे. आपल्या नळाच्या पाण्याचा आकडा मी पाहिला तो ९० च्या आसपास. उन्हाळ्यात येणाऱ्या टँकरचा ७८० आला. भारतीय मानकाप्रमाणे (ते २०१२ सालचे आहे) लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चांगले, आणि दुसरे पाणी मिळतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावे. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तर केंद्र सरकारला सांगितले की जिथे हा आकडा ५०० च्या आत आहे तिथे आर.ओ. यंत्रांना बंदी घाला. यंत्रे अजूनही घरोघर विकली जातातच, ती गोष्ट वेगळी.

लवाद असे का म्हणाला? तर ही यंत्रे पाणी फार सांडतात. साधारणपणे एक लिटर पिण्याचे पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडून देतात. पाच माणसांच्या घरात पिण्याला नि स्वयंपाकाला पंधरा लिटर धरा. म्हणजे रोज तीस ते पंचेचाळीस लिटर पाणी वाया, महिन्याचे हजार-तेराशे लिटर. आपल्या वसाहतीतल्या साठ घरांनी यंत्रे लावली तर महिन्याला दहा हजार लिटरचे सहा-आठ टँकर नुसते गटारात. आणि वैशाखात त्याच टँकरसाठी आपण वर्गणीवरून भांडतो!

दुसरी गोष्ट ध्यानात ठेवावी. ही मापनी क्षार मोजते, जंतू मोजत नाही. काविळीचे पाणीही मापनीवर ९० च दाखवील. म्हणून नुसता आकडा चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नये आणि वाईट आला म्हणून घाबरू नये. ज्यांच्या पाण्यात क्षार नाहीत पण जंतूंचे भय आहे, त्यांना अतिनील किरणांचा दिवा असलेले, म्हणजे यू.व्ही.चे, साधे यंत्र पुरते. ते पाणी सांडत नाही. मात्र त्याला वीज लागते, पाणी गढूळ नको (गाळाच्या सावलीत जंतू सुखरूप राहतात) आणि दिवा दिसायला जळत असला तरी वर्षभराने त्याचा जोर कमी होतो, तेव्हा तो बदलावा लागतो. यंत्र विकत घेताना किमतीबरोबर दर वर्षाचा खर्चही विचारून घ्यावा. विकणारा तो आपण होऊन सांगत नाही.

नळाच्या पाण्यात क्लोरीन पुरेसे आहे की नाही हेही पाहता येते. पाणीपुरवठ्याची माणसे काचेच्या नळीत थेंब टाकून पाणी पिवळे होते का बघतात, त्याला ओ.टी. टेस्ट म्हणतात. आपल्या नळाशी क्लोरीनचा अंश लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम असावयास हवा. ती माणसे गल्लीत आली की आपल्याही नळाचे पाणी पाहायला सांगावे. नाही म्हणत नाहीत.

आता गार पाणी. हा माझा आवडता विषय, इथे थोडा वेळ घेते.

माठ पाणी गार कसे करतो? त्याच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी भोके असतात. त्यातून पाणी झिरपते आणि बाहेरच्या वाऱ्याने उडून जाते. उडताना ते उष्णता घेऊन जाते, आणि ती उष्णता आतल्या पाण्यातून घेते. माझ्या मुलाने मला हिशेब करून दाखविला : दहा लिटरच्या माठातून एक पेलाभर, म्हणजे दोनशे ग्रॅम पाणी उडून गेले तर आतले पाणी दहा-अकरा अंशांनी उतरावे. बाहेरची गरम हवा मध्ये लुडबुडते म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी उतरते. एका पेल्याच्या मोबदल्यात दहा लिटर गारवा! विजेचे बिल नाही.

हे कळले की माठाच्या सगळ्या खोड्या आपोआप उलगडतात. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात माठातले पाणी दात शिवशिवतील इतके गार होते आणि मुंबईच्या दमट हवेत तेवढे होत नाही, कारण दमट हवा पाणी उडू देत नाही. पावसाळ्यात माठ रुसतो तोही ह्याच कारणाने. माठ कोपऱ्यात, कपाटात, गॅसच्या शेजारी ठेवणे म्हणजे त्याचा श्वास कोंडणे. तो खिडकीशी, वाऱ्यावर, पण उन्हाबाहेर ठेवावा. भोवती ओले गोणपाट गुंडाळले की आणखी गार. हल्ली बाजारात तैलरंगाने वेलबुट्टी काढलेले सुरेख माठ येतात. दिवाणखान्यात शोभतात, पण रंगाने भोके बुजलेली असतात, ते पाणी गार करीत नाहीत. माझ्या एका मैत्रिणीने हौसेने मोराचा माठ घेतला आणि पाणी फ्रीजमध्ये ठेवते!

नवा माठ आणला की दिवसभर पाण्यात बुडवून ठेवावा, पहिली दोन-तीन पाणी टाकून द्यावीत. आतून काथ्याने आणि गरम पाण्याने धुवावा, साबण कदापि लावू नये, कारण साबण भोकांत जिरतो. जुन्या माठाच्या अंगावर मिठासारखा पांढरा थर दिसू लागला म्हणजे क्षारांनी भोके बुजली. दोन उन्हाळे झाले की त्याला तुळशीचे वृंदावन करावे आणि कुंभारवाड्यातून नवा आणावा. माठातले पाणी रोज बदलावे. शिळ्यावर ताजे ओतत राहू नये. नळाच्या पाण्यातले क्लोरीन माठात उडून जाते, मग पाण्याचा राखणदार उरत नाही.

वाळा घातला तर सुगंध येतो, शुद्धी होत नाही. तांब्याच्या कळशीची गोष्ट निराळी आहे. २०१२ साली बंगळुरूच्या संशोधकांनी जुलाबाचे जंतू मुद्दाम पाण्यात घालून ते पाणी सोळा तास तांब्याच्या भांड्यात ठेवले, तर जंतू उरले नाहीत. सोळा तास, बरे का. संध्याकाळी भरले तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. रात्री भरून पहाटे पिणाऱ्यांनी हिशेब करावा. शिवाय त्यांनी ती परीक्षा जुलाबाच्या जंतूंची केली होती, काविळीच्या विषाणूची नव्हे, तेव्हा मी तांब्याच्या भरवशावर उकळणे सोडणार नाही.

आणि आता ते तिसरे काम. उकळलेले पाणी माठात ओतले आणि घरातल्या चार जणांनी चार पेले बुडविले की सगळे मुसळ केरात. पेल्याबरोबर बोटे बुडतात. आमच्या घरी ह्याच्यावर मोठा वाद झाला. मी तोटीचा माठ आणला, तर सासूबाई म्हणाल्या, "तोटीने पाणी घेणे म्हणजे धर्मशाळेत राहिल्यासारखे वाटते. ओगराळे काय वाईट होते?" ओगराळे वाईट नव्हतेच. लांब दांड्याचे ओगराळे म्हणजे हात पाण्याला लागू नये म्हणूनच पूर्वजांनी केलेली युक्ती. पण ते खुंटीला टांगले पाहिजे. आमच्याकडे ते कधी ओट्यावर, कधी जमिनीवर, एकदा तर नातवाच्या हातात ताशा वाजवायला. शेवटी असे ठरले की माठ तोटीचाच, आणि देवाच्या पाण्याच्या कळशीला सासूबाईंचे ओगराळे.

आमची मांडणी सांगते. घडवंचीच्या वरच्या फळीवर कँडलचा फिल्टर, त्यात उकळून निवलेले पाणी. नळाचे पाणी चांगले आहे असे वाटते त्या दिवसांत उकळत नाही, पण पावसाळ्याचे चार महिने आणि टँकर येतो तेव्हा चुकवत नाही. खालच्या फळीवर तोटीचा माठ. फिल्टरची तोटी उघडली की पाणी सरळ माठात पडते, उचलाउचल नाही. शेजारी ताटलीत पालथे घातलेले पेले. खालची फळी मुद्दाम लहान मुलांच्या हाताला येईल एवढीच ठेवली आहे. त्यामुळे काय झाले ऐका. पूर्वी जेवायला बसले की "पाणी दे", अभ्यासाला बसले की "आई, पाणी", रात्री दोन वाजता मामंजींना तहान. मी मोजले नाही, पण दिवसातून वीस वेळा तरी उठत असेन. आता ज्याला तहान लागते तो उठतो. मामंजींच्या उशाशी रात्री झाकणाचा तांब्या असतो. फिल्टर भरण्याचे काम धाकट्याकडे, आणि गच्चीवरची टाकी दर सहा महिन्यांनी धुण्याचे काम यजमान व शेजारचे भाऊजी मिळून करतात. पाणी सगळ्या घराचे, तर काम एकटीचे कशाला?

तोटीविषयी एक सूचना. तोटीच्या आत बुळबुळीत थर बसतो आणि तो बाहेरून दिसत नाही. आठवड्यातून एकदा ती काढून बाटलीच्या बारीक ब्रशाने घासावी, उकळते पाणी ओतावे.

मंडळाच्या कार्यक्रमांना आपण गार पाण्याचे जार मागवतो, त्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. सीलबंद बाटलीवर खाद्य परवान्याचा क्रमांक असतो. ह्या जारवर बहुधा काहीच नसते. पाणी गार असते, एवढेच खात्रीने सांगता येते. ते कुठल्या विहिरीचे, जार कधी धुतला, कोण जाणे. आजच्या हळदीकुंकवाचे पाणी आणि पन्ह्याचे पाणी आम्ही सहाजणींनी काल घरी उकळून माठांत भरले आहे. अक्षय्यतृतीयेला आपण उदककुंभ दान देतो; त्या कुंभातले पाणी कसे आहे हे कोणी पाहते का? यंदा पाहू या.

(भाषणानंतर भगिनींनी काही प्रश्न विचारले. त्यांतले तीन येथे देत आहे.)

"उकळलेले पाणी पांचट लागते, मुले पीत नाहीत." – उकळताना पाण्यातली हवा निघून जाते, म्हणून तसे लागते. निवल्यावर स्वच्छ धुतलेल्या दोन भांड्यांत उंचावरून चारपाच वेळा इकडून तिकडे ओतावे, मग रात्रभर माठात ठेवावे. सकाळी मुले मागून पितील.

"पावसाळ्यात माठ काढून ठेवावा का?" – गार होत नाही म्हणून नव्हे, पण दमट हवेत बाहेरून बुरशी धरते म्हणून मी काढते. उन्हात खडखडीत वाळवून उपडा ठेवावा. त्या दिवसांत स्टीलचे तोटीचे पिंप वापरावे.

"आमच्याकडे आर.ओ. आधीच बसविले आहे, ते काढून टाकायचे का?" – पैसे घातले आहेत, टाकून कशाला द्यावे? आधी मंडळातली मापनी नेऊन आपले पाणी मोजा. टँकरच्या किंवा बोअरच्या दिवसांत यंत्र चालवा, धरणाच्या पाण्याच्या दिवसांत नुसती यू.व्ही.ची सोय चालते का हे दुरुस्तीच्या माणसाला विचारा. काही यंत्रांत ती असते. सांडणारी नळी मोरीत न सोडता बादलीत सोडा. ते पाणी फरशीला, भांडी विसळायला आणि संडासाला चालते. झाडांना रोज घालू नका, क्षार मुळाशी साठतात. आणि जंतूंची शंका असेल तर पाण्याचा नमुना सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत तपासून मिळतो. नमुन्याची निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच आणावी लागते, घरची चालत नाही. पुढच्या सोमवारी मी जाणार आहे. कोणाला यावयाचे असेल तर साडेदहाला मारुतीच्या देवळापाशी यावे.